कोलोरॅडोकाठची विष्णु-शिवालये

ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर उभे राहिले असता दरीतून वर उठलेली प्रचंड शिखरे दिसतात. त्यांपैकी दोहोंची नावे विष्णुमंदिर व शिवमंदिर! ती दिली भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन याने. त्याचा या प्रदेशावरील ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. गाभारा अर्थातच कोठेही नाही. तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांचा काळाकभिन्न ‘विष्णु’ खडक मात्र आहे. कोलोरॅडो पूर्वी गाळाने तांबडी वाहत असे; तिचे स्पॅनिश नाव त्यावरूनच पडले. १९६३ साली वरच्या अंगास ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मिटले. तेव्हापासून गाळ मागेच अडतो, पाणी बहुधा हिरवट व थंड येते आणि नदीकाठची वाळवंटे (चंद्रभागेच्या काठी असते तशीच) झिजत चालली आहेत. १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम पूर सोडून ती पुन्हा भरण्याचा यत्न होत असतो.