थापीचे ४०० रुपये

आमच्या गल्लीत एका इमारतीचं काम चालू होतं. मालाचं घमेलं डोक्यावर घेऊन जिना चढता चढता एक बाई म्हणाली, "मिस्त्री, भिंतीला पोट आलंय." मिस्त्रीने आधी लक्ष दिलं नाही. मग ओळंबा सोडून पाहिलं, तर भिंत खरंच अर्धा इंच बाहेर आली होती. वरचे तीन थर उतरवावे लागले. तोवर ती रिकामं घमेलं घेऊन खाली गेलीही होती.

पुढे ती दिसेनाशी झाली. शहराबाहेर बायकांसाठी गवंडीकामाचा तीन महिन्यांचा वर्ग निघालाय, ती तिथे जाते, असं कळलं. म्हणून मीही गेले.

पत्र्याची शेड, चौदा बायका, सगळ्या लेकुरवाळ्या आणि बहुतेक मजूर नाक्यावरच्या. शेडभर भिजलेल्या विटांचा वास. पहिल्या पावसासारखा, पण जरा भाजका. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून विटा आधी पाण्यात बुडवायच्या. टाकीत वीट सोडली की बुडबुडे फसफसत वर येतात. ते थांबले की वीट तयार. आमच्या गल्लीतली ती बाई टाकीकडे पाहतच नव्हती. दुसरीशी बोलता बोलता आवाज थांबला, की हात घालून वीट बाहेर काढत होती.

ती उमरग्याकडची. मी विचारलं, "ताई, किती वर्षं झाली या कामाला?"

"बारा. सगळी घमेल्यात गेली. आमची हाजरी ५००, मिस्त्रीची ९००. मधले ४०० थापीचे."

थापी म्हणजे माल लावायचं हातातलं अवजार. बारा वर्षं तिने ती धुतली, उचलून दिली, संध्याकाळी मोजून पिशवीत भरली. तिच्याकडून कधी कुणी वीट बसवून घेतली नाही.

शिकवणारे मिस्त्रीकाका साठीचे. एकास सहाचा सिमेंट-वाळूचा माल कालवायला ते या बायकांना शिकवत नाहीत. "यांना माल नजरेने कळतो. नवीन पोरांना तेच शिकवण्यात महिना जातो." शिकवावी लागते ती सांधमोड. खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरची वीट आडवी आलीच पाहिजे, नाहीतर भिंत त्या रेषेत फाटते. आणि शिकवावा लागतो कोपरा. कोपरा चुकला की सगळी खोलीच चुकते. सरावाच्या भिंती मातीच्या मालात बांधतात, म्हणजे संध्याकाळी पाडून त्याच विटा दुसऱ्या दिवशी वापरता येतात. स्वतः बांधलेला कोपरा रोज पाडताना उमरग्याच्या बाईचा हात जरा रेंगाळत होता.

शेडच्या मागच्या खोलीत पाच झोळ्या टांगलेल्या होत्या आणि बाळं सांभाळायला एक ताई होती. माझ्या मते या वर्गाचा जीव त्या खोलीत आहे. वर्ग फुकट आहे, पण तीन महिन्यांची हजेरी बुडते, तीच खरी फी. अर्धी हजेरी वर्ग देतो आणि मूल कुणीतरी धरतं, म्हणून या बायका इथवर येऊ शकल्या. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण जिथे पन्नासहून जास्त स्त्रिया कामाला असतील तिथेच. आमच्या गल्लीतल्या बांधकामावर चार होत्या. या बाईची मुलगी तिथे वाळूच्या ढिगाशेजारी झोपायची. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांना राजघाटाजवळच्या बांधकामावर अशीच धुळीत पडलेली मुलं दिसली आणि त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही पाळणाघरं चालवणारी संस्था उभी राहिली. त्याला अर्धशतक उलटून गेलं.

बायकांनी भिंत बांधणं, हेही नवं नाही. स्वच्छ भारत मोहिमेत झारखंडमधल्या गावोगावच्या बायकांनी शौचालयं बांधली. तिथे राजमिस्त्रीच्या जोडीला 'राणीमिस्त्री' हा शब्द रुळला. आपल्याकडे गवंड्याच्या बायकोला गवंडीण म्हणतात. स्वतः भिंत बांधणारीला काय म्हणायचं, ते मी नाक्यावर दोघा-तिघांना विचारलं. कुणालाच सुचेना.

वर्ग संपल्यावर महिन्याभराने ती नाक्यावर भेटली. पिशवीतून थापीची मूठ बाहेर डोकावत होती. दोन ठेकेदारांनी प्रमाणपत्र न बघताच परत केलं होतं. तिसऱ्याने आत, न्हाणीघराची आडभिंत दिली. "बाहेरून दिसत न्हाई ना ती," ती म्हणाली. भिंत ओळंब्यात होती, हे तिने मला दोनदा सांगितलं.

"मग हजेरी किती दिली?"

"६००."

टेम्पो आला तशी ती पदर खोचून मागे चढली आणि तिथूनच ओरडली, "१०० आले, ताई. ३०० ऱ्हायले!"