गळाची खोली
समुद्रात गळ टाकताना सोडलेल्या दोरीची लांबी व गळाची प्रत्यक्ष खोली या भिन्न राशी होत. कोकणातील मच्छीमार खोली ‘वाव’ (पसरलेल्या दोन हातांमधील अंतर, सु. १·८ मी.) या मापाने मोजतात. शिशाचे वजन तळाला टेकताच दोरी सैल पडते. प्रवाहामुळे ताणलेली दोरी लंबाशी ३०° कलल्यास २० वाव दोरीस खोली सु. १७ वावच भरते; वजन वाढविल्यास हा फरक घटतो. मुंबईजवळ उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी दोन वावांहून अधिक चढते-उतरते. प्रतिध्वनी-खोलीमापक तळाची खोली दर्शवितो, दोरीचा कल नव्हे. दोरी अपुरी पडल्यास तळाजवळचे मासे गळास लागत नाहीत; जास्त झाल्यास गळ खडकात अडकून तुटतो. म्हणून प्रवाह पालटताच तळ पुन्हा अजमावावा लागतो.