जिंतूरचा वसंत : मुक्काम फक्त पंधरा दिवस!

वसंत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मनाली? महाबळेश्वर? थांबा, मराठवाड्यातही वसंत येतो. फक्त त्याची रजा अगदी थोडी असते!

परभणी म्हणजे सपाट काळं रान, असा बऱ्याच जणांचा समज. पण जिल्ह्याच्या उत्तरेला, जिंतूरजवळ, अजिंठ्याच्या रांगेतल्या टेकड्या आहेत. मुंबईहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, परभणीला उतरायचं आणि एसटीनं चाळीसेक किलोमीटर जायचं. फेब्रुवारी संपता संपता इथे पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. होळीनंतर स्वेटर थेट ट्रंकेत. या मधल्या पंधरा-वीस दिवसांना इथला वसंत म्हणायचं.

सकाळी लवकर उठून नेमगिरीवर जा. गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या जैन लेण्यांमध्ये लहानशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती पाहून क्षणभर श्वासच रोखला जातो. बाहेर आलात की उन्हात पळस दिसेल. झाडावर पान नाही, नुसती केशरी फुलं! काटेसावर आणि पांगाराही याच सुमारास फुलतात. दुपारनंतर पूर्णेवरच्या येलदरी धरणाकडे वळा. उन्हाळा तापायच्या आत इथली हिवाळी पाहुणी बदकं उत्तरेला निघतात.

खरी धमाल मात्र भोरड्यांची. गुलाबी अंग, काळं डोकं आणि काळे पंख. मध्य आशियातून आलेला हा पाहुणा शेकड्यांच्या थव्यानं फिरतो. पळस-सावरीच्या फुलांतला मध पितो, किडे खातो आणि शाळूच्या कणसांवरही ताव मारतो. तुम्ही कॅमेरा सरसावता तेव्हा शेतातली आजी गोफण सरसावते. दिवस उजाडल्यापासून तिची राखण सुरू असते. रात्री रानडुकरं आणि रोही येतात, म्हणजे घरातल्या कुणाला तरी माळ्यावर जागावं लागतं.

एवढी राखण कशासाठी? हुरडा संपला, तरी पीक अजून घरात आलेलं नसतं. ज्वारी वर्षभराची भाकर, तर कडबा वर्षभराचा चारा. दोन्ही याच पंधरवड्यात उघड्या रानात उभं असतं. त्यातच बंगालच्या उपसागरावरून येणारं बाष्प वरच्या थंड, कोरड्या वाऱ्यांना भिडलं, की गारा पडतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात अशीच गारपीट झाली. ज्वारी, गहू, हरभरा आडवा झाला. फळबागाही गेल्या.

म्हणून इथे कुणी ‘काय मस्त ढगाळ हवा आहे!’ म्हणत नाही. जिंतूरला गेलात तर तुम्हीही म्हणू नका. हुरड्याचं बोलावणं आलं तर आगटीभोवती बसा, शेंगदाण्याची चटणी मागून घ्या. काढणी सुरू असेल तर पेंढ्या उचलायला हात लावा, गप्पा आपोआप रंगतील.

आणि परत आल्यावर मार्चमध्ये कधी ऑफिसच्या खिडकीबाहेर आभाळ भरून येईल. कुणीतरी भजी मागवेल. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा मराठवाड्यातला मित्र फोन घेऊन जिन्याकडे जाताना दिसेल. तो घरी काय विचारतोय, ते आता तुम्हाला कळेल : ‘‘काढणी झाली का?’’