टाइम प्लीज!

इअरफोन कानात आणि अंगठा ‘नेक्स्ट’वर... ऑफिसला जाता-येता आपलं गाणी ऐकणं एवढंच ना? मग पिंक फ्लॉइडचं ‘टाइम’ तुमच्यासाठी नाही, बॉस! जेमतेम सात मिनिटांचं गाणं, पण पहिला शब्द कानावर पडेपर्यंत दोन मिनिटं उलटून जातात. आधी नुसती टिकटिक, मग एकदम ढीगभर घड्याळांचे गजर. साउंड इंजिनीअर अ‍ॅलन पार्सन्सने ते एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून रेकॉर्ड केले होते. मुळात गाण्यासाठी नव्हे, तर चारी बाजूंनी ऐकू येणाऱ्या आवाजाचा डेमो म्हणून! त्यानंतर निक मेसनचे ड्रम्स, अगदी निवांत.

गाणं स्टेजवर आलं १९७२ मध्ये. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ चा. शब्द रॉजर वॉटर्सचे. आयुष्याची तयारी चाललीय असं वाटत असताना आपण तर कधीच मैदानात उतरलोय, हे त्याला अचानक जाणवलं होतं. वय? २८. म्हणजे माझंच. ‘हे अप्रेझल होऊ दे, मग बघू’वालं.

१८ फेब्रुवारी २००७ ला वॉटर्सने मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर अख्खा अल्बम सादर केला. मी तेव्हा शाळेत. माझा आतेभाऊ मात्र त्या गर्दीत होता. आता तो फुलसावंगीला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी, कापूस-सोयाबीन बघतो. पोळ्याला गेले तेव्हा त्याच्या गाडीत ‘टाइम’ लागलं आणि माझं बोट सवयीने पुढे सरकलं.

“थांब ना वं! तिथं कोनाच्या हातात बटन होतं?”

गजर पाठीमागून वाजले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी माना वळवल्या, हे त्याला अजून आठवतं. पार्सन्सचा डेमो कुठे कामी आला बघा! गिटार सोलो त्या रात्री डेव्ह किल्मिन्स्टरचा होता. ‘गिल्मोर नव्हता तरी काही अडलं नाही,’ हे दादाचं मत. मला ते बिलकुल पटलेलं नाही.

मग हे गाणं ऐकून नोकरी सोडलीस का रे? तर नाही. सोडली सहा वर्षांनी, मामा... सॉरी, त्याचे बाबा आजारी पडले म्हणून. सिनेमात होतं तसं काहीच झालं नव्हतं.

सोलो संपल्यावर ‘ब्रीद’ या आधीच्या गाण्याचा तुकडा परत येतो, दमून घरी आलेल्या माणसाचा. तिथे दादाने आवाज वाढवला आणि गाडी बांधाशी लावली.