अस्सल चव शेजारच्या घरची

मैत्रिणींनो, जपानात जाऊन फ्रेंच जेवण जेवायचे म्हटले तर हसू येईल ना? पण ओसाका शहरात ते अगदी अस्सल मिळते बरं का! शिझुओ त्सुजी यांनी 1960 साली तेथे पाककलेची शाळा काढली. फ्रान्सची पद्धत मुळापासून शिकायची, हा त्यांचा आग्रह.

ओसाका एके काळी कापडगिरण्यांचे शहर होते. ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणत त्याला. आपली भिवंडीही कापडाचीच. मग दूरच्या मुलखाची अस्सल चव येथे नसेल कशी? नारपोलीहून रिक्षाने पद्मानगरात जा. करीमनगर, वरंगळकडून मागाच्या कामासाठी आलेली पद्मशाली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

भिशी म्हटले की आपल्याला पैशांची भिशी आठवते. यंत्रमागाच्या वस्तीत मात्र भिशी म्हणजे खानावळ. महिन्याचे पैसे भरायचे, दोन वेळा जेवायचे. पाळी संपवून आलेल्या माणसाला तेथे पोटभर भात-आमटी मिळते. पण घरची खरी चव भिशीत कुठून येणार? ती घरच्या बाईच्या हातात! अंबाडीची चटणी, चिंचेचा ‘पुलुसू’, संक्रांतीचे तांदळाचे ‘सकिनालू’ हे सारे तिच्याच चुलीवरचे. आणि आपण मात्र ‘साउथ इंडियन’ म्हणजे इडली-डोसा समजून मोकळ्या होतो!

‘सर्व पिंडी’ एकदा करून पाहाच. आपल्या थालीपिठाची बहीणच ती. दोन वाट्या तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, भरडलेले दाणे, तीळ, जिरे, मिरची, कढीपत्ता, मीठ घालून पीठ भिजवा. खोलगट पातेल्याला आतून तेल लावून, पातेले गार असतानाच पीठ पातळ थापा. बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर खरपूस होऊ द्या. दुसरी थापण्यापूर्वी पातेले निववायला विसरू नका, नाहीतर हात पोळेल!

मुली नोकरीला लागल्या, सकिनालू विकतचे येऊ लागले. हात थांबले की चवही जाते, मग ती त्यांची असो की आपली. तेव्हा उद्या दुपारी शेजारच्या तेलुगू वहिनींकडे वाटीभर पुरण घेऊन जा. वाटी काही रिकामी परत यायची नाही. पण नुसती वाटी घेऊन परतू नका; ओट्याशी उभ्या राहा, कृती विचारून घ्या.