दर्याचाही हंगाम असतो

गळीत हंगाम आटोपला, उसाचं बिल खात्यावर जमा झालं, की आपल्या भागातील बरीच कुटुंबं हल्ली कोकणची वाट धरतात. नंदीग्राम गाडीनं मुंबई, तिथून कोकण रेल्वे. ही रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली आणि कुडाळ, मालवण आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता.

सभासद बंधूंनो, तारकर्लीला गेलात तर वाळूपेक्षा तिथली घरं नीट बघा. माडाच्या सावलीतल्या राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि चुलीवरची माशाची कढी, घावणे, सोलकढी घरच्या बायांनीच करायची. पर्यटन महामंडळानं या ‘न्याहारी व निवास’ योजनेला हातभार लावला. जमीन आपली, घर आपलं, पैसा थेट घरात. ज्यांनी किनाऱ्याची जागा एकरकमी विकली, त्यांना तो एकदाच मिळाला. उसाच्या जमिनीचंही गणित यापेक्षा निराळं नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

सगळंच गोड आहे असंही नाही. ज्या वाळूवर रापणकर जाळं ओढतात, त्याच वाळूवर पाहुण्यांच्या खुर्च्या येतात आणि मग कुरबुरी होतात. गोव्यात १९८७ च्या सुमारास परदेशी पाहुण्यांची खास विमानं सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी पाण्यावरून आणि जमिनीवरून आंदोलनंही केली. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियम घातले. पुढं त्यांत फेरफार होत गेले.

आता मुद्द्याचं. आपण विहिरीत, गोदावरीत पोहलेली माणसं. त्या भरवशावर समुद्रात शिरू नये. विहिरीचं पाणी जागेवर असतं. दर्याचं पाणी माणसाला आत ओढतं. गणपतीपुळ्याला देवळासमोरच किनाऱ्याला एकदम उतार आहे. चार पावलं पुढं गेलं की पायाखालची वाळू सुटते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. कॉलेजची पोरं होती ती.

भरती-ओहोटीचा अंदाज आपल्या पंचांगावरूनही बांधता येतो. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा मुंबई-कोकणापुरता. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्या दिवसांत लेकरांना पाण्यापासून लांबच ठेवावं. ओहोटीला पाणी आत ओढतं, म्हणून तेव्हा तर गुडघ्याच्या पुढं जाऊच नये. आणि पोहायला उतरण्याआधी तिथल्या एखाद्या कोळीदादाला विचारावं. विचारण्यात कमीपणा कसला? तोही आपल्या फडात आला तर ऊस कुठून तोडायचा हे आपल्यालाच विचारील.

होडीत बसताना अंगात घालायचं जाकीट मागून घ्या, होडी गच्च भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघं दगावले.

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी, त्यामुळं ताज्या माशांची चंगळ नाही. जायचं तर दिवाळीनंतर जावं, पण तेव्हा नेमकी आपली तोड चालू असते. म्हणून आपल्याला एप्रिलच बरा.