नव्याण्णवापुढील नऊ

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याने निघाले, की उद्यमबागेची औद्योगिक वसाहत मागे पडता पडता पिरनवाडी लागते आणि तिच्यापुढे मच्छे. या टापूत ओतकामाच्या फाउंड्र्या, लेथवर सुटे भाग करणारे छोटे कारखाने, त्यांना माल पुरविणारी दुकाने आणि या सर्वांचे जमाखर्च सांभाळणारी कार्यालये एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. येथील कारकुनाचे दप्तर पूर्वी लाकडी कपाटात असे. आता ते संगणकात, आणि पुष्कळदा दूरच्या शहरातील भाड्याच्या सर्व्हरवर असते. पन्नास हजार रुपयांवरील माल निपाणीमार्गे कोल्हापूरला धाडावयाचा, तर ई-वे बिलावाचून गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही. अशा वेळी ‘आमची यंत्रणा ९९.९९ टक्के चालू राहील’ असे आश्वासन देणारा विक्रेता दारी आला, तर लहान कारखानदाराला ते मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे.

वर्षाचे तास ८,७६०. यंत्रणा ९९ टक्के चालू राहिली, तर ती वर्षातून साडेतीन दिवसांहून थोडी अधिक बंद पडते; ९९.९ टक्क्यांना हा खंड पावणेनऊ तासांवर येतो, ९९.९९ टक्क्यांना सुमारे ५३ मिनिटांवर आणि ९९.९९९ टक्क्यांना अवघ्या सव्वापाच मिनिटांवर. या अखेरच्या मुदतीत मध्यरात्री झोपलेला तंत्रज्ञ फोन घेऊन पुरता जागाही होत नाही. तेव्हा असा दर्जा राखावयाचा तर एक यंत्र पडताच दुसऱ्याने आपोआप काम उचलावे, ते दुसरे निराळ्या ठिकाणी असावे आणि दोहोंवर अहोरात्र पहारा असावा, अशी तजवीज करणे भाग पडते. नऊचा एकेक अंक वाढवीत जावे, तसा बंद राहण्याचा अवधी दहावा हिस्सा होतो आणि खर्च मात्र झपाट्याने चढत जातो.

शिवाय विक्रेत्याचे आश्वासन त्याच्या सर्व्हरापुरते असते. पिरनवाडीच्या कार्यालयातून त्या सर्व्हरापर्यंत पोहोचावयाचे तर वीज, इंटरनेटची तार, राउटर, संगणक आणि सॉफ्टवेअर ही पाचही ठाणी एकाच वेळी शाबूत हवीत. प्रत्येक ठाणे ९९.९ टक्के विश्वासाचे मानले, तरी पाचांचा गुणाकार सुमारे ९९.५ टक्के येतो, म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ ४४ तासांचा खंड. त्यावर उपाय म्हणून दोन कंपन्यांची जोडणी घेणारे सुज्ञ गृहस्थ असतात. पण दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या असतील, तर रस्तारुंदीकरणात तो खांब हलताच दोन्ही एकदमच तुटतात. करारनाम्यातील भरपाईचे कलमही बारकाईने वाचावे. बहुधा ती पुढील देयकातील सूट असते. ज्याची गाडी दारात अडली, त्याचे नुकसान त्यात धरलेले नसते.

प्रचंड भांडवल असलेल्यांनाही हे सर्वस्वी साधलेले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमधील वीज गेली आणि तिची ऑनलाइन सेवा खंडित झाली. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने तिच्या नव्या डिजिटल योजनांना आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास तात्पुरती मनाई केली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, आणि खबरदारी म्हणून तिच्यावर विसंबलेल्या जवळजवळ ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे देवघेवीचे व्यवहार राष्ट्रीय व्यवस्थेपासून काही काळ तोडावे लागले. सहकारी पतव्यवस्थेवर पोसलेल्या आमच्या सीमाभागाने ही अखेरची घटना विशेष ध्यानात ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

यावरील मार्ग शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही, कारण तो फाउंड्रीच्या मालकाला पूर्वीपासून अवगत आहे. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत लोखंडाचा रस तयार होत असता लाईट गेली, तर सबंध भट्टी चालवील एवढा जनरेटर बाळगणे लहान मालकाला परवडत नाही. तो रस निवेल, एक घाणा वाया जाईल, हे नुकसान तो पत्करतो. परंतु भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांतून फिरणारे थंड पाणी थांबले, तर आतील धग वेटोळी जाळून टाकील आणि प्रसंगी स्फोट होऊन माणसे दगावतील. म्हणून त्या पाण्यासाठी उंचावर स्वतंत्र टाकी असते आणि पंप थांबला तरी पाणी आपल्या वजनाने उतरत राहते. काय थांबले तरी चालेल आणि काय क्षणभरही थांबता कामा नये, याचा असा रोकडा निर्णय जो भट्टीपाशी घेतो, त्याने तोच कार्यालयातील टेबलापाशी का घेऊ नये?

दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे ३०० दिवस काम चालणाऱ्या आस्थापनेला ८,७६० पैकी ३,००० तासच यंत्रणेची खरी गरज असते. रात्री दोन वाजता ती बंद पडली, तर कोणाचे काही अडत नाही. दिवसाउजेडी बिल करणे अडता कामा नये, एवढ्यासाठी संगणकाला यूपीएस, तारेच्या जोडणीला पर्याय म्हणून निराळ्या कंपनीचे मोबाईल इंटरनेट, आणि ई-वे बिल एसएमएसने काढता यावे म्हणून आगाऊ नोंदविलेला मोबाईल क्रमांक, इतकी तरतूद बव्हंशी पुरते. ग्राहकांची खाती, येणी-देणी आणि साठ्याची नोंद यांची गोष्ट वेगळी आहे. ती चार तास दिसली नाहीत तरी चालेल, पण ती कायमची गेली तर धंदाच बसेल. त्यांची नक्कल रोज निघावी आणि तिची एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर, मूळ संगणकाशी जोडलेली न राहता, ठेवलेली असावी. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी ती प्रत कोऱ्या संगणकावर उतरवून हिशेबनिसाने गेल्या महिन्याच्या बेरजांशी रुजवात घालावी, त्याला किती तास लागले ते लिहून ठेवावे, आणि नव्या करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तो कागद विक्रेत्यापुढे ठेवून, हे तास तुम्ही किती कमी कराल, असे त्याला विचारावे.